बर्ड फ्लूचा सौम्य एच५ विषाणू कोंबड्यांच्या त्याच शेडमध्ये जीवघेणा होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. निसर्गात कोंबड्यांमध्ये असा बदल एच५ आणि एच७ या दोनच उपप्रकारांत दिसला आहे. कारण विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात आहे. ते ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय संसर्ग होत नाही. सौम्य विषाणूचं हे प्रथिन कापणारी विकरं (एन्झाइम) पक्ष्याच्या मुख्यतः श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, म्हणून थोडी घरघर आणि घटलेली अंडी एवढंच दिसतं. त्या जागी आर्जिनिन-लायसिन या अमिनो आम्लांची रांग तयार झाली, की जवळपास सगळ्या पेशींत असणारं फ्युरिन हे विकर ते कापतं आणि विषाणू मेंदू-हृदयापर्यंत पोचतो. दाटीने ठेवलेल्या हजारो पक्ष्यांत विषाणू फिरत राहिला, तर अशा बदलाला भरपूर संधी मिळते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९८३ च्या एप्रिलमध्ये सौम्य असलेला एच५एन२ ऑक्टोबरपर्यंत घातक झाला. त्या विषाणूत ही रांग आधीच होती, तिला झाकणारी शर्करासाखळी एका उत्परिवर्तनाने गेली. चिलीत २००२ मध्ये एच७एन३ च्या त्या जागेत त्याच्याच न्यूक्लिओप्रोटीन जनुकाचा ३० न्यूक्लिओटाइडांचा (जनुकाच्या घटकांचा) तुकडा घुसला.

म्हणून तुमच्या पक्ष्यांच्या तपासणी अहवालात 'सौम्य एच५' किंवा 'एच७' आलं तरी थांबू नका:
- पशुवैद्यकीय यंत्रणेला लगेच कळवा, पक्षी, अंडी, ट्रे, खत काहीही बाहेर जाऊ देऊ नका.
- घशाचे आणि गुदमार्गाचे स्वॅब देऊन हिमॅग्लुटिनिन जिथे कापलं जातं त्या जागेचा जनुकीय क्रम तपासून घ्या.

मात्र सध्या जगभर फिरणारा एच५एन१ बहुधा आधीच घातक रूपात रानपक्ष्यांकडून येतो. बदकं तर लक्षणं न दाखवताही तो पसरवू शकतात.