किटवरचे वॅट सोडा, वायरीतलं तांबं बघा

निपाणीच्या भावाचा प्रश्न असा: गाडीत बाससाठी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) लावतोय, बॅटरीपासून कुठली वायर टाकू? अ‍ॅम्प मोनो (एकाच चॅनलचा), क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा), ५०० वॅट आरएमएस (म्हणजे सतत देतो ती खरी पॉवर). बॅटरी बॉनेटमध्ये, अ‍ॅम्प डिकीत. दुकानदार म्हणतो, "८ गेजचं किट घे, वर १५०० वॅट लिहिलंय बघ." किट म्हणजे वायर-फ्यूजचा तयार संच, गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप.

लिहायला काय जातंय! आधी करंट काढ. क्लास डी साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर ५०० वॅटसाठी ६२५ वॅट ओढणार. त्याला १३.८ व्होल्टने भाग, ४५ अँपिअर आले. जुना, जास्त वीज खाणारा क्लास एबी असता तर ६५-७० पर्यंत गेला असता. अ‍ॅम्पवर ३०-३० चे दोन फ्यूज असतील तर हिशोब जुळला समज.

आता लांबी. कार्पेटखालून वळत वायर ५ मीटर तरी लागते. १६ स्क्वेअर एमएमच्या (हे वायरीतल्या धातूच्या छेदाचं क्षेत्रफळ) शुद्ध तांब्यात ४५ अँपिअरला वाटेतच पाव व्होल्ट कमी होतो, १० मध्ये जवळपास ०.४ व्होल्ट. खरं ८ गेज म्हणजे साडेआठ स्क्वेअर एमएमच्या आसपास. तेवढं खरोखर मिळालं तर तेही चालून जाईल. अडचण त्या 'खरोखर'ची आहे.

माझ्या पहिल्या गाडीत असलंच किट होतं. बास आला की हेडलाइट मंदावायचे. मीटर लावला तर बॅटरीवर १३.६ आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर ११.९! वायर सोलली, तर बोटाएवढं जाड प्लास्टिक आणि आत जेमतेम ४ स्क्वेअर एमएम. ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरी: तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट. तेव्हा दुकानातच एक तार खरवडून बघ, लाजू नको.

तुला १६ शुद्ध तांबं पुरे. पुढे दुसरा अ‍ॅम्प लावायचा विचार असेल तर आत्ताच २५ टाक, कार्पेट दोनदा कोण उचलणार? बेळगावला येणं झालं तर उद्यमबागकडे वेल्डिंग केबल विचार. बारीक तारांची, मऊ, वळायला सोपी. फक्त तांब्याचीच आणि एचओएफआर माग, म्हणजे इंजिनाची उष्णता नि तेल सोसेल. वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनियमचीही येते.

फ्यूज ६० चा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो अ‍ॅम्पसाठी नाही, वायरीसाठी असतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यात वायर घासून शॉर्ट झाली तर अ‍ॅम्पवरचे फ्यूज काही करू शकत नाहीत, आग तिथेच लागते. त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) हवाच.

अर्थची (अ‍ॅम्पपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी) वायरही तेवढ्याच जाडीची, दीड फुटाच्या आत. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळ आणि वरून ग्रीस लाव. माझ्या खानापूरच्या मित्राचा लग दोन पावसाळ्यांत हिरवा पडला, आणि तो बिचारा अ‍ॅम्प बदलायला निघाला होता.

वायर टाकून झाली की बास वाजवत दोन्ही टोकांना मीटर लाव आणि आकडे इथे टाक.