इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडियाची पदवी घेतली तर नेमकं काय शिकवतात, आणि पुढे कोणती कामं मिळतात?

चित्रं काढायला आवडतात आणि कोडिंग नको, म्हणून हा विषय घेत असाल तर आधीच सांगतो: कोडिंग इथेही सुटत नाही. पहिल्या वर्षी सहसा टायपोग्राफी, ध्वनी, व्हिडिओ एडिटिंग यांच्या जोडीला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट असतंच. पुढे युनिटी किंवा अनरिअल (गेम बनवायची सॉफ्टवेअर), आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड) आणि सेन्सर, युजर टेस्टिंग, म्हणजे लोकांना वापरायला देऊन तपासणं. शेवटी एक मोठा प्रकल्प, बहुधा गटात.

या पदवीची खरी अडचण म्हणजे सगळ्यातलं थोडंथोडं येतं. नोकरीच्या जाहिराती मात्र फ्रंटएंड डेव्हलपर, यूआय (स्क्रीनची मांडणी) डिझायनर, गेम प्रोग्रॅमर, मोशन ग्राफिक्स (हलती चित्रं-अक्षरं), ई-लर्निंग डेव्हलपर अशा वेगवेगळ्या निघतात. म्हणून दुसरं वर्ष संपेपर्यंत एक बाजू पक्की करा. बाकीचं सहकाऱ्याची भाषा समजण्यापुरतं पुरतं. फक्त ती बाजू म्हणजे एखादं सॉफ्टवेअर नको. वेबवर ॲनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅशवर कितीतरी जणांचं पोट होतं. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने त्याचा सपोर्ट बंद केला. टायमिंग, इव्हेंट (क्लिकसारखी घडामोड), स्टेट (प्रोग्रॅम त्या क्षणी कोणत्या स्थितीत आहे) या गोष्टी पक्क्या असल्या की साधन बदललं तरी निभावतं.

प्रत्येक कामाची मोजपट्टी वेगळी असते. वेबवर साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ लागतो, फिकट राखाडी अक्षरं पोर्टफोलिओत देखणी दिसतात आणि तपासणीत नापास होतात. व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिॲलिटी) सेकंदाला ९० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. तिथे ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) कॉम्प्रेस न करता टाकलं की एकट्यानेच ६४ एमबी मेमरी खातं. ई-लर्निंगचं काम कमी झगमगीत आहे. स्कॉर्म पॅकेज (ठरलेल्या साच्यात बांधलेला धडा) एलएमएसमध्ये (धडे चालवणारी आणि गुण ठेवणारी प्रणाली) चढवल्यावर गुण नीट नोंदले जातात की नाही, हे तपासण्यातच बराच वेळ जातो.

संग्रहालयं आणि प्रदर्शनांच्या कामाकडे विद्यार्थी फारसे बघत नाहीत, पण या पदवीतलं सगळं एकत्र लागतं ते तिथेच. वीज आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, ॲप फुलस्क्रीन उघडावं, कोणी मध्येच सोडून गेलं तर मिनिटभरात पहिला स्क्रीन यावा. वर्गातला डेमो पाच मिनिटांचा असतो, इथे दिवसाचे आठ-दहा तास. प्रत्येक नवा व्हिडिओ मेमरीत घेऊन जुना न सोडणारं ॲप दुपारी अडखळतं आणि संध्याकाळी बंद पडतं. इन्फ्रारेडवर चालणारा डेप्थ कॅमेरा (समोरच्या वस्तूचं अंतर मोजणारा) खोलीत उत्तम चालतो, पण खिडकीतून थेट ऊन आलं की गडबडतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच.

पोर्टफोलिओत तीन-चार कामं पुरेत, पण ती चालायला हवीत. प्रत्येकाची ब्राउझरमध्ये उघडणारी लिंक, मिनिटभराचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ, गटात तुमचा भाग कोणता होता ते एका ओळीत, आणि लोकांनी वापरून पाहिल्यावर काय बदललं ते. या शेवटच्या मुद्द्यावरून मुलाखत घेणाऱ्याला सगळ्यात जास्त कळतं. एक नेहमीची चूक: पान उघडताच आवाज सुरू होईल असं धरून चालणं. वापरणाऱ्याने क्लिक किंवा टॅप करेपर्यंत बहुतेक ब्राउझर आवाज अडवून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीलाच एक बटण ठेवा. लिंक दुसऱ्याच्या स्वस्त फोनवर उघडून बघा. स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल्स आधीच कॅशमध्ये (ब्राउझरच्या साठ्यात) असतात, म्हणून तिथे सगळं पटकन उघडल्यासारखं वाटतं.

विद्यापीठ निवडताना माहितीपत्रकातली सॉफ्टवेअरची यादी बाजूला ठेवा. मागच्या वर्षीचे शेवटचे प्रकल्प मागा आणि स्वतः वापरून बघा. नुसते व्हिडिओच दाखवले तर चालणारी आवृत्ती मागा. लॅब आणि उपकरणं तासांव्यतिरिक्त वापरता येतात का, प्रोग्रॅमिंग किती सत्रं आहे आणि शेवटचा प्रकल्प बाहेरचे लोक हाताळतात का, एवढं विचारलंत तरी निवड बरीच सोपी होईल.