नवी नोकरी लागली आहे. ग्राहकाला मेल करताना साहेब म्हणतात, ‘मला बीसीसीत ठेव.’ टू, सीसी, बीसीसीत फरक काय आणि बीसीसीतल्या माणसाने उत्तर दिलं तर ते कोणाला जातं?

आधी सांगून टाकते: ग्राहकाच्या मेलमध्ये साहेबांना बीसीसीत ठेवू नका. नवी नोकरी आहे, साहेबांना नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. पण याच रकान्यापायी माझी त्या वर्षीची पगारवाढ गेली आणि नसलेला ठपका माथी बसला, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सरकारी पत्र पाहिलेल्या माणसाला टू आणि सीसी वेगळं शिकवावं लागत नाही. वर ‘प्रति’ असतं तो टू. खाली ‘प्रत माहितीस्तव’ असतं तो सीसी. टाइपरायटरमध्ये कार्बन घालून काढायचे ती कॉपी, म्हणून कार्बन कॉपी. काम ज्याने करायचं तो वर, ज्याला नुसतं ठाऊक हवं तो खाली, आणि दोघांची नावं दोघांना दिसतात. बीसीसी म्हणजे अशी प्रत, जी कोणाला गेली ते पत्रावर लिहिलेलंच नसतं. हे तिन्ही रकाने १९८२ च्या ईमेल मानकातही आहेत, आजकालचं काही नाही.

आता माझी हकीकत. मी फैजपूरची. रावेर तालुक्यात केळी निर्यात करणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघायचे. एप्रिल २०१९. आपल्याकडचा एप्रिल कसा असतो ते सांगायला नको. नानांच्या बागेचा माल कापला, १३-१३ किलोची खोकी भरली आणि कंटेनर न्हावाशेव्याला निघाला. केळीला आत १३-१४ अंश लागतात. मालेगावच्या पुढे गाडीचा जेनसेट, म्हणजे कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर, बंद पडला आणि ड्रायव्हरने सकाळपर्यंत कोणाला कळवलं नाही. बंदरावर उघडलं तर खोकी पिवळी पडायला लागलेली. एक फणी पिकायला लागली की तिच्यातून निघणाऱ्या वायूने शेजारच्याही पिकतात, त्यामुळे तो माल जहाजावर चढणं शक्यच नव्हतं.

आमच्याकडे निम्मे पैसे कापणीला आणि निम्मे कंटेनर चढल्यावर, अशी रीत होती. शेठनी नानांना सांगितलं, गाडीवाला निम्मंच नुकसान देईल, तेव्हा राहिलेले निम्मे तुम्ही सोडा. नाना कसेबसे कबूल झाले. दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याला मेल लिहायचा होता, आणि त्यात मागणी होती पूर्ण मालाची. आपण नानांसाठी भांडतोय हे त्यांना दिसावं म्हणून त्यांनाही प्रत द्यायची होती.

मी म्हटलं, सीसीत घेऊ. हिशेब बघणारे आप्पा म्हणाले, नको, गाडीवाला नानांना परस्पर फोन करेल, बीसीसीत टाक. मी म्हटलं, आप्पा, नानांनी रिप्लाय ऑल दाबलं तर? ते म्हणाले, बीसीसीतल्या माणसाचं उत्तर आपल्यालाच येतं, दुसऱ्याला जातच नाही. वीस वर्षं पत्रव्यवहार करणारा माणूस. मी टाकलं बीसीसीत.

नानांनी मोबाइलवर मेल वाचला. पूर्ण मालाचा आकडा बघितला आणि रिप्लाय ऑल करून दोनच ओळी लिहिल्या: ‘शेठ, यांच्याकडून पूर्ण मागता मग माझे निम्मे कशाचे कापले?’ उत्तर आम्हाला आलं आणि ट्रान्सपोर्टवाल्यालाही गेलं. त्याला एका दमात दोन गोष्टी कळल्या: आपला मेल कोणीतरी मागे उभं राहून वाचतंय, आणि निम्मं नुकसान यांनी आधीच शेतकऱ्याकडून वसूल केलंय. त्याने निम्म्याच्या वर एक पैसा दिला नाही. नानांनी पुढच्या हंगामात माल दुसरीकडे दिला. आणि आप्पांनी शेठना सांगितलं, पोरीने बीसीसी नीट लावलं नाही, नीट लावलं असतं तर उत्तर पसरलं नसतं.

मी नीटच लावलं होतं. मेलचं एक पाकीट असतं आणि एक आतला कागद. पाकिटावर सगळ्यांचे पत्ते असतात, त्यावरून मेल पोहोचतो. आतल्या कागदावर फक्त टू आणि सीसीची नावं राहतात. बीसीसीतल्या माणसाच्या हातात तोच कागद असतो, म्हणून त्याने रिप्लाय ऑल केलं की उत्तर पाठवणाऱ्याला आणि टू-सीसीतल्या सगळ्यांना जातं. नुसतं रिप्लाय केलं तर पाठवणाऱ्यालाच. उलट, टूमधल्याने रिप्लाय ऑल केलं तर ते बीसीसीतल्याला मिळत नाही, कारण त्याचं नाव कागदावर नाही. म्हणजे तुमच्या साहेबांना ग्राहकाचं उत्तर काही दिसणार नाही, आणि चुकून त्यांचंच बोट पडलं तर ते उघडे पडतील. हे थांबवणारं बटण जीमेलमध्ये नव्हतं, माझ्या हातात तर नव्हतंच.

साहेबांना मेल दाखवायचाच असेल तर आधी ग्राहकाला पाठवा, मग सेंटमधून तोच साहेबांना फॉरवर्ड करा. त्यावर त्यांनी काहीही दाबलं तरी उत्तर तुमच्याकडेच येतं. पण त्याहून बरं, उघड सीसीत घ्या. नानांना सीसीत घेतलं असतं तर पूर्ण मालाचा आकडा लिहिताना शेठचाच हात थांबला असता. लपलेला वाचक असला की माणूस दोघांना दोन गोष्टी सांगायला धजावतो.

बीसीसी वाईटच, असं मात्र नाही. पन्नास शेतकऱ्यांना रोजचा भाव कळवायचा तर टूमध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे बीसीसीत, हेच बरोबर. नाहीतर तुमची सगळी यादी एका क्लिकवर दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हातात. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच जातं, तेवढं लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी सावद्याला एका लग्नात आप्पा भेटले. चार माणसांत पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा तुझं बीसीसी चुकलं होतं. आप्पा, हे तुमच्यापर्यंत पोहोचलं तर तीन मेल आयडी घ्या. पहिल्यावरून दुसऱ्याला टूमध्ये आणि तिसऱ्याला बीसीसीत पाठवा, तिसऱ्यावरून रिप्लाय ऑल करा आणि दुसऱ्याचा इनबॉक्स उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. बघून मला फोन करा.