लिबर्टेरियन राजकारण म्हणजे केवळ धनिकांच्या पैशाचे राजकारण आहे का?

सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणारे अमेरिकेतील लिबर्टेरियन राजकारण प्रामाणिक विचारातून उभे राहिले की कोक बंधूंसारख्या अब्जाधीशांनी ते विकत घेतले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा विचार पैशाने निर्माण केलेला नाही. परंतु त्यातील कोणता भाग कायदेमंडळापर्यंत पोहोचेल आणि कोणता कागदावरच राहील, हे बऱ्याच अंशी पैशाने ठरवले. लोकशाहीच्या दृष्टीने मला ही गोष्ट विचार विकत घेण्याइतकीच गंभीर वाटते.

१९८० ची अध्यक्षीय निवडणूक पाहा. १९७१ मध्ये स्थापन झालेला लिबर्टेरियन पक्ष तेव्हा अगदी लहान होता. १९७४ च्या कायद्यानुसार कोणत्याही व्यक्तीला एका निवडणुकीत एका उमेदवाराला १,००० डॉलरपेक्षा अधिक देणगी देता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलिओ खटल्यात देणगीवरील ही मर्यादा कायम ठेवली, मात्र उमेदवाराने स्वतःच्या प्रचारावर स्वतःचा पैसा खर्च करण्यावरचे बंधन रद्द केले. कॅन्ससमधील तेलशुद्धीकरण व अन्य उद्योगांचे सहमालक डेव्हिड कोक यांनी नेमकी हीच वाट धरली. ते पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार एड क्लार्क यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि त्यांनी प्रचारात २० लाख डॉलरहून अधिक रक्कम घातली. पक्षाला सुमारे ९ लाख २० हजार मते, म्हणजे एक टक्क्याहून किंचित अधिक मते मिळाली, आणि मतांचे हे प्रमाण २०१६ पर्यंत पक्षाला ओलांडता आले नाही. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही गैर नव्हते. तरीही ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच तो वापरण्यासाठी उमेदवारी मिळावी, हे पक्षांतर्गत लोकशाहीचे चांगले लक्षण मला वाटत नाही.

या पैशाचा पहिला परिणाम मात्र आपल्या अपेक्षेच्या उलट दिसला. क्लार्क यांनी मध्यमवर्गीय मतदाराला रुचेल अशी सौम्य भाषा वापरली, आणि त्यावर सर्वांत कडक टीका चळवळीतील अर्थतज्ज्ञ मरी रॉथबर्ड यांनी केली. डेव्हिड यांचे बंधू चार्ल्स कोक आणि एड क्रेन यांच्याबरोबर १९७७ मध्ये केटो इन्स्टिट्यूट ही लिबर्टेरियन धोरण-अभ्यास संस्था उभारणाऱ्यांपैकी रॉथबर्ड एक होते; १९८१ मध्ये त्यांनाच तिच्या संचालक मंडळातून काढण्यात आले. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण येथे अर्धीच लागू पडते, कारण संस्थेत राहिलेले लोक टाळी वाजवण्यासाठी लिहीत नव्हते, त्यांना तसेच वाटत होते. कोणी राहायचे, हे मात्र त्यांच्या हाती नव्हते.

मालकीचा हा प्रश्न २०१२ मध्ये उघड्यावर आला. केटो ना-नफा संस्था असूनही तिला भागधारक होते, आणि माजी अध्यक्ष विल्यम निस्कानेन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे भाग कोणाकडे जावेत, यावरून कोक बंधूंनी कॅन्ससच्या न्यायालयात दावा दाखल केला. व्यक्तीचे स्वातंत्र्य हेच ज्या संस्थेचे ब्रीद, तिचेच अभ्यासक आपण कोणाच्या मालकीचे होणार या चिंतेत होते. पुढे तडजोड झाली, भागधारकांची व्यवस्था मोडीत निघाली आणि संस्थेचे प्रमुख असलेल्या क्रेन यांना पद सोडावे लागले.

केटोच्या बाजूने हेही सांगणे न्याय्य आहे की तिने इराक युद्धाला आणि अमली पदार्थांविरुद्धच्या दंडात्मक धोरणाला सातत्याने विरोध केला, आणि त्यात देणगीदारांचा व्यावसायिक लाभ दिसत नाही. चार्ल्स कोक यांच्या वर्तुळाने तुरुंगविषयक सुधारणांच्या २०१८ च्या कायद्यालाही पाठिंबा दिला. पण लेख लिहिणे वेगळे आणि राज्याराज्यांत कार्यकर्ते, जाहिराती व मतदार-याद्या यांची यंत्रणा उभी करणे वेगळे. कोक बंधूंनी उभारलेल्या ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी’ या संघटनेची ताकद मुख्यतः कर, कामगार संघटना आणि ओबामा सरकारच्या आरोग्यविमा कायद्याविरुद्ध लागली. हवामानासाठी सरकारचा महसूल वाढवणारा कोणताही कायदा करणार नाही, अशा प्रतिज्ञेवर तिने शेकडो लोकप्रतिनिधींच्या सह्याही घेतल्या. युद्धविरोधासाठी तिने तेवढी ताकद लावली नाही. तत्त्व आणि तेलउद्योगाचे हित जिथे एका दिशेने जात होते, तिथे यंत्रणा होती.

बाजाराचे स्वातंत्र्य ही मागणी स्वभावतःच धनिकांची असते, असे मात्र मी म्हणणार नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने तीच मागणी कांदा आणि ऊस पिकवणाऱ्यांच्या रस्त्यावरील आंदोलनातून उभी केली, तिच्यामागे कोणताही तेलसम्राट नव्हता. अमेरिकेतही दुसरी शक्यता होती. केटो सोडून बाहेर पडलेल्या जेरी टेलर यांनी निस्कानेन यांच्याच नावाने संस्था काढली आणि कार्बनवर कर लावावा, असे प्रतिपादन केले: दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी करणाऱ्याने तिची किंमत मोजावी, हे तत्त्व लिबर्टेरियन विचारात पहिल्यापासून होतेच. त्या प्रस्तावामागे मात्र ‘अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी’एवढी मोठी यंत्रणा उभी राहिली नाही.