‘येस’ कुणी दाबलं?

प्रश्न : विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टम) टाकून दिलं. पहिल्यांदा चालू केल्यावर एक स्क्रीन आली, उबंटू सुधारायला मदत करा, सिस्टमची माहिती पाठवू का, आणि खाली ‘येस’ आधीच निवडलेलं. मी आपली नेक्स्ट नेक्स्ट करत गेले. भाचा म्हणतो ओपन सोर्समध्ये असलं काही नसतंच. मग हे काय होतं? फोटो, बँकेचे कागद गेले का सगळे? (मिरजेच्या एक काकू)

उत्तर : काकू, आधी जीव भांड्यात पडू दे. फोटो गेले नाहीत, बँकेचं तर काहीच नाही. काय गेलं ते तुम्ही स्वतः बघू शकता. टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडा आणि इंग्रजीत उबंटू, मग हायफन, मग रिपोर्ट, एक स्पेस आणि शो असं टाईप करून एंटर मारा, सगळी अक्षरं स्मॉल. दहा-वीस ओळी दिसतील. लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल, प्रोसेसर, रॅम किती, डिस्क केवढी, स्क्रीनचं रिझोल्यूशन, भाषा, इन्स्टॉल करताना काय काय निवडलं ते. आणि टाइमझोन, त्यात ‘एशिया/कोलकाता’ एवढंच, म्हणजे मिरज काय नि मणिपूर काय, सगळे एकाच पोत्यात. नाव नाही, ईमेल नाही, फाइल्स नाहीत. हा रिपोर्ट रोज रोज जात नाही, इन्स्टॉल किंवा अपग्रेड झाल्यावर एकदा जातो. आता गेला तो गेला, त्यावर तुमचं नावच नाही तर परत तरी कुठला मागणार!

पण भाच्याला सांगा की त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ओपन सोर्स म्हणजे माहिती गोळा होत नाही असं नाही, तर गोळा करणारा कोड उघडा असतो, कुणीही वाचू शकतं. आता तुमच्या मशीनवर काय चालतं ते दिसलं तरी पलीकडे कंपनीच्या सर्व्हरवर काय होतं ते आपल्याला दिसत नाहीच. इंटरनेटवरून काहीही पाठवलं की आपल्या कनेक्शनचा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस तिथे पोचतोच, कॅनॉनिकल (उबंटूची कंपनी) म्हणते आम्ही तो साठवत नाही, इथे शेवटी शब्दावरच विश्वास ठेवायचा.

मला स्वतःला खटकतं ते रिपोर्टमधलं नाही, ते ‘येस’ आधीच निवडून ठेवणं खटकतं. हे २०१८ च्या १८.०४ या आवृत्तीपासून सुरू झालं आणि पहिले आकडे आले तेव्हा ६७ टक्के लोकांनी माहिती पाठवली होती. यातले किती जण मनापासून हो म्हणाले आणि किती जण तुमच्यासारखे नेक्स्ट नेक्स्टवाले, देव जाणे.

आणि उबंटूचा इतिहास बघता लोक बिचकतात त्यात नवल नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये १२.१० आलं त्यात मेन मेनूमधल्या सर्चमध्ये तुम्ही स्वतःच्याच लॅपटॉपवरची फाइल शोधायला गेलात तरी टाईप केलेले शब्द कॅनॉनिकलच्या सर्व्हरला जायचे आणि फाइलच्या बरोबरीने अ‍ॅमेझॉनवरच्या विकायच्या वस्तू दिसायच्या, विकत घेतल्या की कंपनीला कमिशन. म्हणजे आपण कपाटात डोकं घालून कागद शोधतोय आणि मागून दुकानदार विचारतोय साडी दाखवू का! फ्री सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर म्हटलं. उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचं उत्तर असं की आमच्यावर विश्वास नाही? तुमच्या मशीनचं रूट (म्हणजे सगळ्या किल्ल्या) तर आमच्याकडे आहेच. बोलले ते खोटं नव्हतं, अपडेट त्यांच्याकडूनच येतात, पण असं बोलून दाखवायचं असतं का? शेवटी २०१६ मध्ये १६.०४ आलं तेव्हा तो ऑनलाइन सर्च बाय डीफॉल्ट बंद झाला.

प्रश्न : डेबियन (उबंटूसारखीच लिनक्स सिस्टम) टाकताना ‘पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट’मध्ये भाग घेणार का असं विचारलं. बक्षीस काय असतं? (पुण्याचा एक इंजिनिअरिंगवाला)

उत्तर : बक्षीस तुला नाही रे, पॅकेजला! तू हो म्हणालास तर मशीनवर कोणती पॅकेजेस (म्हणजे सॉफ्टवेअर) आहेत आणि त्यातली कोणती खरंच उघडली जातात याची यादी आठवड्यातून एकदा जाते. जास्त वापरली जाणारी पॅकेजेस इन्स्टॉलच्या पहिल्या सीडीवर घ्यायची, हा त्याचा मूळ उपयोग. इथे ‘नो’ आधीच निवडलेलं असतं, बघ, फरक इथे आहे. पण हो म्हटलंस तर मशीनला एक रँडम नंबर मिळतो आणि दर आठवड्याला तोच जातो, शिवाय पॅकेजची यादी माणसाबद्दल बरंच सांगते. ऑफिसच्या मशीनवर मी तरी नाहीच म्हणेन, घरच्यावर चालू आहे.

प्रश्न : फेडोरामध्ये (हीही लिनक्स सिस्टमच) टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती आपोआप पाठवणं, येणार अशी बोंब झाली होती, आली का? (नाशिक)

उत्तर : नाही आली. २०२३ च्या जुलैमध्ये रेड हॅटच्या (फेडोराच्या पाठीशी असलेली कंपनी) लोकांनी फेडोरा ४० साठी प्रस्ताव मांडला, सेटअपमधला स्विच आधीच चालू ठेवायचा असं त्यात होतं, त्यावरून जे रान पेटलं ते पेटलंच, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये फेडोरा ४० आलं ते त्याच्याशिवाय. मात्र मोजणी आहे, फेडोरा ३२ पासून. अपडेट तपासताना आठवड्यातून एकदा सिस्टम १ ते ४ यातला एक आकडा सांगते, म्हणजे सिस्टम टाकून किती काळ झाला ते : पहिला आठवडा, पहिला महिना, पहिले सहा महिने की त्याहून जुनी. मशीनचा वेगळा नंबर नाही, ओळख नाही. मशीन किती आहेत तेवढं कळतं, कुणाची ते नाही. मला हा प्रकार जाम आवडतो.

प्रश्न : लिनक्सवर क्रोम वापरतो, गूगल अकाउंट लॉगिन आहे. प्रायव्हसी झाली ना? (ठाणे)

उत्तर : दादा, पुढच्या दाराला नवीन कुलूप लावलंत आणि मागचं सताड उघडं. काय शोधलं, कुठल्या साइटवर गेलात हे गूगलला तुमच्या लॉगिनवरून कळतं, खाली विंडोज आहे का लिनक्स याने काही फरक पडत नाही. फायरफॉक्स घ्या, पण त्याच्याही सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन टेक्निकल डेटा पाठवण्याची टिक काढा. हो, तीही आधीच केलेली असते.