कुंडी आणि ग्रो बॅगसाठी मिश्रण: टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरचीबाबतच्या शंकांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो,

टोमॅटो, मिरची आणि ढोबळी मिरची बॅगेत लावणाऱ्यांच्या शंका बहुतेक सारख्याच असतात. शेतातली कसदार माती भरली तरी झाड पिवळे का पडते? कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे-निम्मे घेतले, रोपे जोमात आली, पण पुढे पानांच्या कडा करपल्या आणि टोमॅटोचे बूड काळे पडले, असे का झाले? तळाला खडी घालावी का? परलाइटऐवजी काय चालेल? हंगाम संपल्यावर जुने मिश्रण टाकून द्यावे का? हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देत आहोत.

सुरुवात मातीपासून. शेतात पाणी दिले की जादा पाणी खालच्या थरांत ओढले जाते आणि दोन-तीन दिवसांत जमीन वाफशावर येते. बॅगेला खालचा थरच नसतो. छिद्रापाशी पाणी पोचते तिथे पुढे ओढणारे काही नसल्याने ते कणांच्या फटीत अडकून राहते आणि तळाशी चिखलाचा पट्टा तयार होतो. चिकण मातीत हा पट्टा ३० सेंमी उंचीच्या बॅगेत निम्म्याच्या वर चढतो, तर भरड मिश्रणात काही सेंमीवरच थांबतो. त्या पट्ट्यात मुळांना हवा मिळत नाही. मुळे गुदमरली की अन्नद्रव्ये असूनही उचलली जात नाहीत, पान पिवळे पडते आणि शेतकरी आणखी खत घालतो. माती निकस नसते, तिच्यात हवा नसते. कुंडीसाठी मिश्रण निवडताना खताआधी हवेचा विचार करावा तो यासाठी.

खडीचा प्रश्न इथेच सुटतो. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरचे मिश्रण पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते खडीच्या वरच थांबते. म्हणजे चिखलाचा पट्टा खडीच्या उंचीएवढा वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. खडी घालू नये. छिद्रांवर शेडनेटचा तुकडा टाकला की पुरे. बॅगेला तळाशी आणि तळापासून २ सेंमी उंचीवर बाजूने मिळून ८ ते १० छिद्रे असावीत, आणि बॅग विटांवर उचलून ठेवावी. जमिनीला चिकटलेल्या बॅगेची छिद्रे असून नसल्यासारखी असतात. तेवढ्याच लिटरची उथळ आणि खोल अशा दोन बॅगा मिळत असतील तर खोल घ्यावी. चिखलाचा पट्टा दोन्हीत सारख्याच उंचीचा असतो, पण खोल बॅगेत त्याच्या वर जागा जास्त उरते. टोमॅटोला २० लिटर, ढोबळीला १२ ते १५ आणि मिरचीला १० ते १२ लिटर मिश्रण लागते. ३० सेंमी व्यासाच्या आणि ३० सेंमी उंचीच्या बॅगेत साधारण २१ लिटर मावते.

कोकोपीटबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण काळे बूड आणि करपलेल्या कडा यांचे मूळ बरेचदा तिथेच सापडते. नारळाच्या सोडणाच्या भुश्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असते. त्यातला सुटा भाग साध्या पाण्याने धुऊन निघतो. कणांना चिकटलेला भाग निघत नाही. असे कोकोपीट वापरले की त्याचे कण खतातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतात. झाडाला कॅल्शियम कमी पडते. त्यात पाणी कधी जास्त, कधी कमी झाले तर फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही आणि बूड काळे पडते. पाच-सहा आठवड्यांनी जुनी पाने शिरा हिरव्या ठेवून मधेच पिवळी पडू लागली तर मॅग्नेशियमची कमतरता समजावी.

म्हणून ५ किलोची वीट अशी तयार करावी. २५ ते ३० लिटर पाण्यात ती फुगवावी, साधारण ६५ ते ७० लिटर भुसा होतो. शेडनेटवर पसरून स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावा. मग ६० लिटर पाण्यात १२० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात भुसा रात्रभर, म्हणजे १२ तास तरी, बुडवून ठेवावा. सकाळी निथळून एकदा साध्या पाण्याने धुवावा. निथळलेल्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार असतात, ते विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये. धुताना येणारा तपकिरी रंग पाहून घाबरायचे कारण नाही, तो क्षारांचा रंग नव्हे. उलट पाणी स्वच्छ दिसले म्हणून क्षार गेले असेही मानू नये. एक भाग ओले कोकोपीट आणि दोन भाग पाणी ढवळून अर्ध्या तासाने गाळावे आणि त्याची ईसी, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवणारा आकडा, मीटरने मोजावी. वापरलेल्या पाण्याची स्वतःची ईसी वजा करून ०.५ मिलिसिमेन्सच्या आत आकडा आला तर कोकोपीट वापरायला योग्य. १ च्या वर असेल तर पुन्हा धुवावे. पाकिटावर ‘धुतलेले’ लिहिलेले असले तरी मोजूनच घ्यावे.

कोकोपीटचा सामू (पीएच) बहुधा ५.५ ते ६.५ असतो, म्हणून त्यात चुना घालण्याची गरज नाही. जिप्सम चालते, कारण त्याने सामू वाढत नाही आणि कॅल्शियम मिळते.

परलाइट म्हणजे उष्णतेने फुगवलेला ज्वालामुखी खडक. त्यात खताचा अंश नाही, तो फक्त पोकळी देतो. मिसळण्याआधी त्यावर पाणी शिंपडावे, कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये. परलाइट नसेल तर विटांचा ५ ते ८ मिमीचा चुरा चांगला, मात्र बारीक धूळ चाळून टाकावी. भाताचे तूस स्वस्तातले, पण कच्च्या तुसात राहिलेले दाणे बॅगेत उगवतात. ते आठ-दहा दिवस ओले ठेवून दाणे उगवू द्यावेत, उलथून मारावेत आणि मग वापरावे. तूस कुजत जाते, त्यामुळे ते एका हंगामाची सोय आहे. ते मिश्रणाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. काळे जाळलेले तूस दहाव्या हिश्शापर्यंत चालते. पांढरी राख झालेले मात्र घेऊ नये, त्याने सामू चढतो आणि लोह अडकते. लाकडाचा ताजा भुसा नकोच. तो कुजताना जिवाणू झाडाच्या वाट्याचे नत्र खाऊन टाकतात.

वाळू घ्यायची तर १ ते ३ मिमीची भरड, धुतलेली. बारीक वाळू कणांच्या फटी बुजवते आणि निचरा वाढण्याऐवजी घटतो. चिकण मातीत थोडी बारीक वाळू घालून ती भुसभुशीत होईल ही समजूत तर सोडूनच द्यावी. शिवाय वाळूचे वजन लिटरला दीड किलोच्या आसपास असते, गच्चीवर बॅगा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. व्हर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णतेने फुगवलेले अभ्रकासारखे खनिज, बी उगवण्याच्या ट्रेसाठी ठेवावे. मोठ्या बॅगेत ओले असताना दाब पडला की ते चपटे होते आणि पुन्हा फुगत नाही.

गांडूळखत निम्मे घालणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. खत चांगले म्हणून जास्त घातले तर त्याचे बारीक कण भोके बुजवतात, क्षार वाढतात आणि वरचा थर सतत ओला राहिल्याने काळी चिलटे येतात. एक चतुर्थांशाच्या आत ठेवावे. शेणखत वापरायचे तर पूर्ण कुजलेले हवे. परीक्षा सोपी आहे: मूठभर ओले खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस सावलीत ठेवावे. उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर ते अजून कच्चे आहे.

आता प्रमाण. २० लिटरच्या दहा बॅगांना २०० लिटर मिश्रण लागते, पण बारीक कण मोठ्यांच्या फटीत शिरतात आणि मिश्रण बसते, म्हणून २३० लिटर धरावे. १० लिटरच्या बादलीने मोजल्यास: तयार केलेले कोकोपीट १२ बादल्या, परलाइट किंवा वीटचुरा ६, गांडूळखत ५. त्यात निंबोळी पेंड १ किलो आणि जिप्सम ४०० ग्रॅम. मापे आकारमानाची आहेत, वजनाची नाहीत. ओले आणि कोरडे कोकोपीट वजनाने मोजले तर हिशेब पार बिघडतो.

माती घालायचीच असेल तर पोयटा ७ बादल्या, कोकोपीट ६, वीटचुरा किंवा परलाइट ५ आणि गांडूळखत ५. माती एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये. मातीचे मिश्रण जड होते, पण पाणी-खतात एखादी हयगय झाली तर सांभाळून घेते. रोज लक्ष देणे जमणार नसेल त्यांनी हेच निवडावे. माती पोयटा आहे की चिकण, हे बाटलीत कळते. बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि वर पाणी घालून जोरात हलवावे. पहिल्या एक-दोन मिनिटांत तळाशी बसते ती वाळू, पुढच्या काही तासांत गाळ, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते ती चिकण. वाळू आणि गाळाचे थर ठळक असतील ती माती घ्यावी.

मिसळण्याच्या आठवडाभर आधी गांडूळखतात किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून, हलके ओले करून सावलीत गोणपाटाखाली ठेवावे. मग सगळे घटक ताडपत्रीवर थरांनी पसरून तीनदा पालथे करावेत. ओलावा बघण्यासाठी मूठ दाबावी: गोळा व्हावा, बोटांतून एक-दोन थेंबच यावेत आणि टोचल्यावर गोळा फुटावा. निंबोळी पेंड कुजताना उष्णता आणि अमोनिया निघतो, म्हणून ढीग १० ते १५ दिवस झाकून ठेवल्याशिवाय रोपे लावू नयेत. बॅग भरताना हाताने दाबू नये. दोनदा आपटावी आणि वर ३ सेंमी जागा सोडावी. दाबून भरलेल्या बॅगेत परलाइटवर केलेला खर्च फुकट जातो.

भरण्याआधी एक चाचणी जरूर करावी. तळाला छिद्रे असलेला, किमान १५ सेंमी उंच डबा घ्यावा. छिद्रांना चिकटपट्टी लावून त्यात मोजून १ लिटर मिश्रण भरावे. कडेने हळूहळू पाणी सोडावे, पृष्ठभाग चमकला की थांबावे. अर्ध्या तासाने पाणी खाली गेले असेल तेवढे पुन्हा घालावे. मग पट्टी काढून, ठिबकणे थांबेपर्यंत गळलेले पाणी मोजावे. १५० ते २५० मिली आले तर मिश्रण जमले. १०० च्या आत आले तर परलाइट किंवा वीटचुरा वाढवावा. ३०० च्या वर गेले तर उन्हात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागेल, तेव्हा कोकोपीट वाढवावे. उथळ डब्यात मात्र चांगले मिश्रणही नापास होते.

बिनमातीच्या मिश्रणात गांडूळखताची शिदोरी दोन-तीन आठवडेच पुरते. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. फुले लागली की कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, वेगळ्या दिवशी. स्फुरद किंवा सल्फेट असलेल्या खताच्या दाट द्रावणात ते कधीही मिसळू नये, साका बसतो. पाणी दर वेळी एवढे द्यावे की दहाव्या हिश्शाएवढे खालून निथळेल. थोडे-थोडे दिल्यास क्षार साचतात. कोकोपीट एकदा पूर्ण सुकले की वरून दिलेले पाणी कडेने निसटून जाते आणि मधला भाग कोरडाच राहतो. अशी बॅग अर्धा तास टबात बुडवावी.

मात्र मिरचीची पाने आकसली की लगेच मिश्रणाला दोष देऊ नये. पान उलटून पाहावे. कडा वर वळलेल्या असतील तर फुलकिडे, खाली वळलेल्या असतील तर कोळी कीड असण्याची शक्यता जास्त. पाने आकसण्याचा हा रोग, म्हणजे चुरडा-मुरडा, मिश्रण बदलल्याने जात नाही.

हंगाम संपल्यावर आधी मुळे उपटून पाहावीत. निरोगी असतील तर मिश्रण मोकळे करून, चांगले ओले करून, १५ सेंमीपेक्षा जाड नसलेल्या थरात पसरावे आणि पारदर्शक पातळ प्लास्टिकने कडा बंद करून कडक उन्हात ४ ते ६ आठवडे ठेवावे. काळ्या प्लास्टिकखाली तितकी उष्णता आत पोचत नाही. नंतर ईसी तपासून, धुऊन, निम्मे नवे मिश्रण घालून वापरावे. उन्हाने हानिकारक बुरशींबरोबर ट्रायकोडर्माही बरीच कमी होते, ती नव्याने घालावी. टोमॅटो, मिरची, वांगी ही एकाच कुळातली असल्याने त्यांच्यानंतर पालेभाजी किंवा घेवडा घ्यावा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत, आणि झाड हिरवे असतानाच एकाएकी मलूल झाले असेल तर मर रोगाचा संशय घ्यावा. त्या बॅगेतले मिश्रण कंपोस्टच्या खड्ड्यात, भाजीच्या वाफ्यात किंवा पाटाच्या कडेला टाकू नये, आणि ते हाताळलेली खुरपी व बादली धुऊनच दुसऱ्या बॅगेला लावावी.