वाचकांचे प्रश्न : कराटेचा बेल्ट निवडताना

उन्हाळी वर्गांच्या परीक्षा आटोपल्या की बेल्टच्या खरेदीविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. मी स्वतः कराटे शिकवतो, त्यामुळे उत्तरे मुख्यतः कराटेच्या अंगाने दिली आहेत.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी नुकतीच पिवळ्या बेल्टवरून नारिंगी बेल्टवर गेली. दुकानदाराने ‘मुलगी वाढत्या अंगाची आहे, मोठाच घ्या’ असे सांगून २६० सेंटिमीटरचा बेल्ट दिला. आता त्याची टोके गुडघ्याखाली लोंबतात. तो कापून घेतला तर चालेल का? मुळात माप कसे घ्यायचे? (एक पालक, सांगली)

उत्तर : वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची आपली रीत शाळेच्या गणवेशाला योग्य आहे, बेल्टला ती लागू पडत नाही. रंगीत बेल्ट काही महिन्यांनी बदलायचाच असतो, त्यामुळे दोन वर्षांनी तो पुरेल की नाही याचा विचार आज करण्याचे कारण नाही.

माप घेण्यासाठी मुलीला कराटेचा ड्रेस घालायला सांगा आणि शिंप्याची टेप ड्रेसवरूनच, बेंबीच्या किंचित खाली, जेथे बेल्ट प्रत्यक्ष बसतो तेथे फिरवा. उघड्या कमरेचे किंवा जीन्सचे माप येथे उपयोगाचे नाही, कारण जाड सुती ड्रेसची घडी काही सेंटिमीटर खाते. बेल्टचे कमरेभोवती दोन वेढे होतात, म्हणून आलेल्या मापाची दुप्पट करा. त्यात गाठीसाठी सुमारे ३० सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांसाठी, लहान मुलांच्या बाबतीत, प्रत्येकी २० सेंटिमीटर मिळवा. समजा मुलीच्या कमरेचे ड्रेसवरून घेतलेले माप ६२ सेंटिमीटर भरले, तर १२४ अधिक ३० अधिक ४०, म्हणजे १९४ सेंटिमीटर होतात आणि तिला २०० सेंटिमीटरचा बेल्ट नेमका बसतो. वर्षभरात कंबर चार सेंटिमीटरने वाढली तरी दोन वेढ्यांचे मिळून आठच सेंटिमीटर जास्त लागतील आणि टोके तरीही पुरेशी उरतील. २६० सेंटिमीटरच्या बेल्टची टोके मात्र याच हिशेबाने प्रत्येकी ५० सेंटिमीटरच्या वर लोंबणार, आणि आपण लिहिले आहे ते नेमके तेच आहे.

लांब बेल्टची अडचण केवळ दिसण्याची नाही. आमच्या वर्गातील दहा वर्षांच्या एका मुलाने परीक्षेच्या वेळी गुडघे टेकून नमस्कार केला, तेव्हा बेल्टचे एक टोक त्याच्या गुडघ्याखाली दाबले गेले; उठताना गाठ सैल झाली आणि काताच्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या, तिसऱ्या वळणावर बेल्ट जमिनीवर पडला. परीक्षकांनी त्याला प्रेमाने थांबवून बेल्ट पुन्हा बांधू दिला, परंतु बांधताना त्याची बोटे थरथरत होती आणि चांगला पाठ असलेला काता त्याला पुढे आठवेना. त्या दिवसापासून मी परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुलाच्या बेल्टची टोके स्वतः पाहतो.

आता कापण्याविषयी. रंगीत बेल्ट कापून घेण्यास काहीच हरकत नाही. आधी बेल्ट नीट बांधून दोन्ही टोके सारखी करा, किती कमी करायचे ते खडूने आखा आणि सगळी लांबी एकाच टोकाकडून कापा. ज्या टोकाला कंपनीचे लेबल असते ते राहू द्या. बेल्टच्या आत कापसाच्या कापडाचे अनेक थर असतात, त्यामुळे नेहमीच्या शिंप्याच्या मशीनची सुई त्यात मोडते. दप्तरे आणि बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे जाड सुईचे मशीन असते, तो हे काम चांगले करून देतो. कापलेली कडा आत दुमडून शिवायला सांगा, नुसती वरून शिवली तर पहिल्याच धुण्यात दशा निघतात.

पुढच्या वेळी दुकानात ‘तीन नंबर’ किंवा ‘चार नंबर’ असे मागू नका. हे क्रमांक कंपनीगणिक बदलतात. लांबी सेंटिमीटरमध्येच विचारा. आणि खरेदीपूर्वी सरांना एकदा विचारावे, कारण बहुतेक वर्गांत बेल्टची किंमत परीक्षेच्या फीमध्येच धरलेली असते. शिवाय रंगांचा क्रम सर्व संस्थांत एकसारखा नसतो.

प्रश्न : वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी कराटे सुरू केले आणि आठ वर्षांनी, गेल्या महिन्यात, पहिल्या दानची, म्हणजे काळ्या बेल्टच्या पहिल्या दर्जाची, परीक्षा उत्तीर्ण झाले. सरांनी बेल्ट स्वतःच्या पसंतीने घ्यायला सांगितले आहे. सुती घ्यावा की सॅटिनचा? नाव भरतकामाने घालून घ्यावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपले मनःपूर्वक अभिनंदन. नोकरी आणि घर सांभाळून आठ वर्षे नेमाने वर्गाला जाणे म्हणजे काय असते, हे मी रोज माझ्या वर्गातील विद्यार्थिनींकडे पाहून जाणतो.

दोन्ही प्रकारांच्या आतला गाभा सुतीच असतो. फरक वरच्या आवरणाचा आहे. सॅटिनचा बेल्ट गडद काळा आणि तुकतुकीत दिसतो, परंतु त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने नवेपणी गाठ वारंवार सुटते. सुती बेल्टची गाठ घट्ट बसते. तो दिसायला साधा असतो, पण अधिक काळ टिकतो. सॅटिनचे आवरण गाठीच्या जागी आधी विरते आणि आतला पांढरा गाभा दिसू लागतो. अनेक ज्येष्ठ खेळाडूंना आपला असा विरलेला बेल्ट फार प्रिय असतो, आणि ते मला पूर्णपणे समजते, कारण तो त्यांच्याच सरावाने विरलेला असतो. मुद्दाम घासून जुना केलेला बेल्ट मात्र कोणी विकत देऊ लागला तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण आठवड्यातून तीन-चार दिवस सराव करत असाल तर सुती बेल्ट घ्यावा, अशी माझी शिफारस आहे. दुकानात दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे रंग : पांढरा रुमाल ओला करून पिळून घ्या आणि बेल्टवर आठ-दहा वेळा जोराने घासा. रुमाल काळा झाला तर तो रंग घामाने आपल्या पांढऱ्या ड्रेसवर उतरणार, हे नक्की समजा. दुसरी म्हणजे शिवण : लांबीच्या दिशेने गेलेल्या टाक्यांच्या ओळी सरळ आणि सारख्या अंतरावर असाव्यात, आणि बेल्ट मुठीत दाबला असता आतले थर एकमेकांवरून सरकू नयेत. नवा बेल्ट ताठ असतो, त्याची काळजी करू नये. महिनाभर रोज बांधला की तो अंगाचा होतो.

भरतकाम अवश्य करा, पण बेल्ट बांधून लांबी निश्चित झाल्यानंतरच. भरतकाम केलेला बेल्ट कापता येत नाही आणि दुकानदार तो परतही घेत नाही. कोणत्या टोकाला नाव आणि कोणत्या टोकाला संस्थेचे नाव यायचे, हे आपल्या सरांकडून लिहूनच घ्यावे. जपानी लिपीत नाव घालायचे असेल तर परदेशी नावे काताकाना लिपीत लिहिली जातात, आणि जपानी भाषेत ल, ळ आणि र यांच्यातील भेद राहत नाही, हे ध्यानात असू द्या. मला विचाराल तर देवनागरीतील नाव काळ्यावर सोनेरी धाग्याने फार सुरेख उठून दिसते, आणि त्यातील ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला स्वतःला तपासता येते.

प्रश्न : आमच्या वर्गातील मोठी मुले म्हणतात की बेल्ट कधीच धुवायचा नसतो, धुतला तर मिळवलेले कौशल्य वाहून जाते, पूर्वी पांढरा बेल्ट न धुतल्यामुळेच काळा होत असे. हे खरे आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : ही गोष्ट मीही विद्यार्थी असताना ऐकली होती आणि बरीच वर्षे खरी मानली होती. इतिहास मात्र वेगळा आहे. दानची पद्धत मूळची ज्युदोची. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथे कोदोकान या ज्युदोच्या शाळेची स्थापना केली आणि १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिल्यांदा दान दर्जा दिला. काळा पट्टा ही दानधारकांची खूण त्यानंतर ठरली. जपानमध्ये कराटेचा प्रसार करणाऱ्या फुनाकोशी गिचिन यांनी हीच पद्धत कराटेत आणली आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. मधल्या रंगांचे बेल्ट त्याहूनही अलीकडचे आहेत. त्यांचा प्रसार १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाइशी मिकिनोसुके यांच्यामुळे झाला. म्हणजे काळा रंग विचारपूर्वक ठरवलेला होता, मळ साचून आलेला नव्हता.

तेव्हा बेल्ट धुवावा, आणि रत्नागिरीसारख्या दमट हवेत तर तो अवश्य धुवावा. घामाने भिजलेला बेल्ट गुंडाळून बॅगेत ठेवला की पावसाळ्यात दोन दिवसांत त्याला कुबट वास येतो आणि मग बुरशी धरते. त्याच बेल्टला समोरच्या खेळाडूचे हात लागतात. थंड पाण्यात, सौम्य साबणाने, इतर कपड्यांपासून वेगळा धुवा. पिळा घालू नका, नुसता दाबून पाणी काढा आणि सावलीत दोरीवर लांबीने पसरून वाळत घाला. आतल्या जाड गाभ्यामुळे तो वरून कोरडा लागला तरी आत ओला राहतो, म्हणून पावसाळ्यात पंख्याखाली एक रात्र जास्त ठेवावा. गरम पाण्याने सुती बेल्ट आखडतो. ज्यांचे माप आधीच काठावर आहे त्यांनी हे विशेष जपावे.

आपल्या वर्गात न धुण्याची परंपरा सर स्वतः पाळत असतील, तर त्यांच्याशी वाद न घालता निदान रोज बेल्ट उलगडून वाऱ्यावर टाकण्याची सवय ठेवावी.

प्रश्न : मुलाची जिल्हास्तरीय कराटे स्पर्धा आहे. त्याने स्वतःचा हिरवा बेल्टच बांधावा ना? (एक पालक, ठाणे)

उत्तर : स्पर्धा जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार होणार असेल तर नाही. त्या नियमांप्रमाणे एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा बेल्ट बांधतो. स्वतःच्या दर्जाचा बेल्ट चालत नाही. हा बेल्ट सुमारे ५ सेंटिमीटर रुंद असावा, गाठीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर टोक मोकळे राहावे, परंतु ते मांडीच्या तीन चतुर्थांशाखाली जाऊ नये, आणि त्यावर नावाचे भरतकाम नसावे. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत टोकांची लांबी २० ते ३० सेंटिमीटर आहे, तेव्हा दोन्ही खेळ खेळणाऱ्या मुलांनी एकच माप गृहीत धरू नये. लाल आणि निळा असे दोन्ही बेल्ट बॅगेत ठेवा, कारण कोणता रंग वाट्याला येईल हे प्रत्येक फेरीत बदलू शकते, आणि आयोजक बेल्ट पुरवणार आहेत का, हे प्रवेशपत्र भरतानाच विचारून घ्या.